दोनदा मोजलेला पणजोबा: एका वंशावळीचं प्रकरण

या प्रकरणातल्या माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव सांगत नाही.

पार्श्वभूमी

मी मोडी कागद वाचते. २०२३ च्या दिवाळीनंतर पुण्यातल्या एक बाई माझ्याकडे आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, माहेर सांगली जिल्ह्यातलं, वाळवा तालुक्यातलं. त्यांना इथे ताई म्हणते. येत्या चैत्रात भावकीचा मेळावा होता, त्यात वंशावळ छापून घरोघर द्यायची होती आणि ते काम ताईंनी अंगावर घेतलं होतं.

वंशावळ तशी तयारच होती. गावच्या घरी सोप्यात दारासमोरच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेली. ताईंचे थोरले काका शाळामास्तर होते, घरात सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांनी १९६२ साली ती काढली. झाडाचा आकार, खाली बुंधा, वर फांद्या, अक्षर मास्तरांचं म्हणजे मोत्यासारखं. बुंध्याशी लिहिलेलं: ‘राणोजी, पानपतच्या रणी कामी आले, शके १६८२’. त्यावर बाळोजी, त्यावर पुन्हा राणोजी, त्यावर बाळू. हे बाळू म्हणजे ताईंचे आजोबा, १९५८ साली वारले. तिथून पुढे फांद्याच फांद्या.

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. आता घरात वडीलधारे म्हणजे आप्पा, ताईंचे सर्वांत धाकटे काका, वय चौऱ्याऐंशी. ट्रंकेची किल्ली त्यांच्याकडे. ट्रंकेत एक मोडी कागद होता आणि त्यावरूनच दादांनी तक्ता केला, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंचं म्हणणं साधं होतं: तो कागद वाचून द्या, तक्त्याखाली पुरावा म्हणून छापू.

अडचण

कागद हाती यायच्या आधी मोबाइलवर तक्त्याचा फोटो आला. सवयीने वर्षं मांडून पाहिली. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं. रणात पडलेल्या माणसाचा मुलगा फार उशिरात उशिरा म्हटलं तरी त्याच वर्षी जन्मलेला असणार. आजोबा बाळू ‘पंच्याण्णव सालचे’ असं घरात म्हणत, म्हणजे १८९५. मधे एकच पिढी. १७६१ ते १८९५ म्हणजे १३४ वर्षं. दोन बापांत वाटली तर प्रत्येक जण सदुसष्टाव्या वर्षी बाप झाला.

एखादा होतोही. लागोपाठ दोघं होणं कठीण.

हे फोनवर सांगितलं तेव्हा ताई हसल्या आणि म्हणाल्या, मधली दोन-तीन नावं दादांना मिळाली नसतील, बाकी सगळं खरंच आहे. तेही शक्य होतं. वंशावळीत पिढ्या गळणं ही नेहमीची गोष्ट. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे बाळू-राणू-बाळू-राणू अशी माळ होते आणि सांगणाऱ्याच्या तोंडून दोन मणी सहज निसटतात. उलटही होतं, एकच मणी दोनदा मोजला जातो. त्या वेळी मला हे दुसरं सुचलं नव्हतं.

समोरचे रस्ते

मेळाव्याला चार महिने होते. कुठून सुरुवात करायची यावर ताईंशी बरंच बोलणं झालं.

ताईंच्या भाच्याचा आग्रह पेशवे दफ्तराचा. पानिपतात पडले म्हणजे पुण्याला नोंद असणारच, असं त्याचं म्हणणं. मी नको म्हटलं. तिथे हजारो रुमाल आहेत, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणि सरदार, इनामदार, वतनदार यांचे कागद सापडतात तसा आडनावावरून साधा शेतकरी तिथे सापडत नाही. कोणत्या पथकात, कोणाच्या हाताखाली, हे ठाऊक नसताना रुमाल सोडत बसणं म्हणजे चार महिने घालवणं. शिवाय शोधायला जाताना आपण ‘पानिपतातला राणोजी’ शोधणार आणि राणोजी नावाचा कोणीतरी सापडणारही. ते मला जास्त धोक्याचं वाटत होतं.

दुसरा रस्ता हेळव्यांचा. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी सुगीनंतर बैल घेऊन दारी येतात आणि घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात, त्यांना धान्य-कापड देतात. ताईंच्या घरचा हेळवी अजून येत होता.

तिसरा नाशिकचा. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे गावोगावच्या यजमानांच्या वह्या असतात.

चौथा सरकारी कागदांचा: फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल, कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची वही, आणि शाळेचं जनरल रजिस्टर. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वाळवा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे जुन्या कागदांसाठी एकाच कचेरीवर भिस्त ठेवून चालत नाही.

मी ठरवलेला क्रम असा: आधी अलीकडचं, मग मागचं. आजोबांपासून एकेक पायरी खाली उतरायचं, १७६१ पासून वर चढायचं नाही. ताईंना हे पटलं. आप्पांना नाही. त्यांच्या मते बुंधा आधी पक्का हवा.

कागद

जानेवारीत गावी गेले. आप्पांनी ट्रंक उघडून कागद माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसून राहिले. कागद चार घड्यांचा, उभ्या घडीवर फाटलेला, आणि कोणीतरी त्या फाटीवर सेलोटेप लावलेली. टेप पिवळी पडून कडक झालेली आणि तिच्याखाली शाई जवळजवळ गेलेली. आप्पा म्हणाले, टेप त्यांनीच लावली, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी, कागद दोन तुकडे होऊ नये म्हणून. त्यांना काय बोलणार.

हे वाटणीपत्र होतं. राणू बिन बाळू आणि तुका बिन बाळू या दोन सख्ख्या भावांनी बाप वारल्यावर पंचांसमक्ष जमीन, बैल, भांडी वाटून घेतली त्याचं. ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’. खाली दोघांच्या सह्यांच्या जागी नांगराची निशाणी.

पहिल्या ओळीत तारीख. ‘शके १’, मग टेप, मग ‘२ विक्रमनाम संवत्सरे फाल्गुन’. तिथी गेलेली. मधले दोन आकडे गेलेले.

दादांनी तिथे ६८ घातले होते. त्यासाठी त्यांना निव्वळ दोष देता येत नाही. १९६२ साली टेप नव्हती, म्हणजे आकडे तेव्हा थोडेफार दिसतही असतील. आणि विक्रम संवत्सर शके १६८२ ला बरोबर येतं. पण संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं. शके १७४२ लाही विक्रमच, शके १८०२ लाही विक्रमच. तिन्ही आकडे एकने सुरू होतात आणि दोनने संपतात. घडी नेमकी मधून गेली होती.

मी आप्पांसमोरच विचारलं, पानिपत कोणत्या महिन्यात झालं? ताई म्हणाल्या, संक्रांतीच्या सुमारास. बरोबर, पौष शुद्ध अष्टमी. आणि हा कागद फाल्गुनातला. समजा, दादांचं सालच खरं धरलं, तर पौषात रणात पडलेल्या राणोजीने दोन महिन्यांनी फाल्गुनात गावी बसून वाटणीपत्रावर नांगर काढला.

आप्पा काही बोलले नाहीत. चहा आला.

पुढचं त्या दिवशी रात्री वाचलं. जमिनीच्या वर्णनात एका ठिकाणी आखडून लिहिलेले दोन शब्द होते, त्यावर मी बराच वेळ अडले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, ओळ आधी आखून अक्षरं तिला टांगत जातात. ओळखीचा शब्द नसेल तर डोळा घसरतो. तो शब्द ‘नंबर’ निघाला. त्याच्या आधीचा ‘सर्वे’. पुढे ‘पैकी दोन एकर अकरा गुंठे’.

इथे कागदाने स्वतःचं वय सांगितलं. सर्वे नंबर आणि एकर-गुंठे ही इंग्रजी अमलातल्या मोजणीची भाषा. मुंबई इलाख्यात ती पद्धत १८३६ च्या सुमारास इंदापूरकडून सुरू झाली. वाळवा तेव्हा सातारच्या छत्रपतींच्या राज्यात; ते राज्य १८४८ मध्ये खालसा झालं आणि मोजणी त्यानंतर आली. म्हणजे शके १६८२ नाही आणि शके १७४२, म्हणजे १८२०-२१, हेही नाही. उरलं शके १८०२. फाल्गुन म्हणजे १८८१ चा मार्च धरा.

आणखी एक खूण आधीच दिसायला हवी होती. पेशवाईतल्या कागदांत सुहूर सन, म्हणजे अरबी शब्दांत लिहिलेलं साल, बहुधा असतोच. शके १६८२ च्या कागदात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं काहीतरी दिसलं असतं. ते नव्हतं. एखादी गोष्ट नाही यावरून ठाम काही म्हणता येत नाही, म्हणून मी तिला वजन दिलं नाही, पण शंका यायला तेवढं पुरेसं होतं.

आता १८८१ मध्ये वाटणी करणारा राणू बिन बाळू कोण? ताईंच्या आजोबांचे वडील राणू, त्यांचे वडील बाळू. तोच हा. दादांनी त्याला तिसऱ्या जागी योग्य बसवलं होतंच. मग त्याचाच कागद हाती आला तेव्हा साल चुकलं आणि तोच माणूस पुन्हा बुंध्याशी जाऊन बसला. आदरार्थी ‘जी’ लागला, रण लागलं. १९६१ मध्ये पानिपतला दोनशे वर्षं झाली होती, नवं राज्य नुकतं झालं होतं. मास्तरांच्या मनात काय होतं याचा हा माझा अंदाज, पुरावा नाही.

पडताळा

इथे थांबता आलं असतं. मी थांबले नाही, कारण माझं सगळं म्हणणं एका कागदावर आणि त्यातल्या दोन आखडलेल्या शब्दांवर उभं होतं. मोडी वाचणारी मी एकटी. आधी दुसऱ्या जाणत्या वाचकाला फक्त तेवढ्या चार ओळींचा फोटो पाठवला, कशाबद्दल आहे ते न सांगता. त्यांनीही ‘सर्वे नंबर’च वाचलं.

मग फेरफार. हक्कनोंदणीच्या जुन्या ड पत्रकात १९१९ ची नोंद मिळाली: राणू बिन बाळू मयत, वारस विधवा काशी कोम राणू आणि मुलगा बाळू, वय २२. ‘कोम’ म्हणजे बायको. खाली तुकाच्या मुलाचा जबाब, हरकत नाही. ही नोंद मी सर्वांत वरची मानली. कारण ती घटनेनंतर वर्षाच्या आत झाली आहे आणि ज्याला हरकत घेण्यात फायदा होता त्याने समोर उभं राहून घेतली नाही. लोक विचारतात, सरकारी कागद आहे म्हणून खरा का? तसं असतं तर शाळेचं रजिस्टरही खरं मानावं लागलं असतं. ताईंच्या वडिलांची त्यातली जन्मतारीख १ जून १९२९ आहे, आणि त्याच पानावर आणखी नऊ मुलं १ जूनला जन्मलेली आहेत. मास्तरांनी शाळेत घ्यायला सोयीची तारीख घातली. पुढे तीच तारीख नोकरीच्या कागदात गेली, तिथून पेन्शनमध्ये. ताईंनी मला तीन पुरावे म्हणून तीन कागद दिले होते. तिघांच्या मागे एक मास्तर आणि त्याचा अंदाज.

कोतवाल बुकात राणूचा मृत्यू सापडला, १९१८ चा कार्तिक, वय ६५, कारण ‘ताप’. त्याच पानावर आधी-नंतर तापच ताप. त्या साली इन्फ्लुएंझाने घरंच्या घरं रिकामी केली. वय ६५ हे मी शब्दशः घेत नाही, कोतवाल पाच-दहाच्या टप्प्यानेच वय सांगायचा. पण त्याने १८८१ मध्ये राणू पंचवीस-तिशीचा ठरतो आणि वाटणीला ते शोभतं.

आजोबांचा जन्म मात्र अडला. जुन्या कोतवाल बुकात बाळाचं नाव नसतंच, बारशाच्या आधी वर्दी जाते. ‘राणू बाळू यास मुलगा’ एवढंच. अशा नोंदी दोन होत्या, १८९४ आणि १८९७. फेरफारातल्या २२ वर्षांवरून १८९७ जवळचं. आणि १८९४ चं मूल पुढच्याच वर्षी मयतांच्या पानावर दिसलं. तरी मी ‘बहुधा १८९७’ म्हटलं, कारण त्या गावात त्याच काळात आणखी एक राणू बाळू, निराळ्या आडनावाचा, होता आणि नोंदीत आडनाव नव्हतं.

कोतवाल बुकाबद्दल एक वेगळंच सांगते. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून कुणबी नोंदींसाठी ही बुकं राज्यभर उघडली जाऊ लागली. पूर्वी धूळ खात पडलेली पानं आता हातोहात फिरतात. म्हणून मी नकलेवर भागवत नाही, मूळ पान पाहते: शब्द रकान्यात आहे की रकान्याबाहेर, शाई शेजारच्या ओळीचीच आहे का, लेखणीचा उतार तोच आहे का. या घराच्या पानांत तसं काही वावगं नव्हतं.

पंचवटी

फेब्रुवारीत ताईंबरोबर नाशिकला गेले. रामकुंडावर गावाचं नाव सांगून विचारत गेलो. पहिले गुरुजी म्हणाले, तुमचं गाव आमच्याकडे नाही, वाटणीत चुलत घरात गेलं. उपाध्यायांच्या घरात वाटणी होते तेव्हा यजमानांची गावंही वाटली जातात. तिसऱ्या घरी लाल कापडातली लांबट वही निघाली.

त्यात दोन नोंदी. पहिली शके १८४० काळयुक्तनाम संवत्सरे माघ, मोडीत, उपाध्यायांच्या हातची: बाळू बिन राणू, बापाच्या अस्थी घेऊन आला. आजा बाळू, चुलता तुका, चुलत भाऊ दोघे, आई काशी. खाली नांगर. शके आणि संवत्सर जुळत होतं, राणूचा मृत्यू कोतवाल बुकाशी जुळत होता, काशी आणि तुका फेरफाराशी. चार ठिकाणची चार माणसं एकमेकांना न विचारता तेच सांगत होती. याला मी पुरावा म्हणते.

दुसरी नोंद १९७१ ची, ताईंच्या वडिलांच्या स्वतःच्या अक्षरात, बाळबोध म्हणजे देवनागरी. वडील बाळू, आजोबा राणू, पणजोबा बाळू. तिथे संपली. ताईंनी ती ओळ बोटाने दोनदा वाचली आणि वडिलांची सही बघत बसल्या. मग म्हणाल्या, बघा, बाबांनी पानिपत लिहिलंच नाही, त्यांना माहीत असणार. मला तसं म्हणता येईना. गुरुजींनी तीनच पिढ्या विचारल्या असतील. न लिहिण्यामागे शंभर कारणं असतात.

माझ्याकडून झालेली चूक

हेळवी मार्चच्या सुरुवातीला आला. ताईंनी त्याला फोन करून बोलावलं होतं आणि फोनवरच सांगितलं होतं की पानिपतातल्या राणोजीचं नक्की करायचं आहे. मी गावी पोहोचले तेव्हा तो सोप्यात बसून चहा पीत होता. डोक्यावर फ्रेम.

त्याने पिढ्या म्हटल्या, सुरात, न अडखळता. बाळू, राणू, बाळू, मग सिदू, मग भिवा, मग राणोजी, पानपतात पडलेला. सिदू आणि भिवा ही नावं कुठल्याच कागदात नव्हती, तक्त्यातही नव्हती. म्हणजे ती त्याच्याकडची. पण शेवटचा राणोजी त्याच्याकडचा की भिंतीवरचा? त्याची वही मागितली. ती बॉलपेनची, अलीकडे उतरवलेली; जुनी वडिलांच्या वेळी पावसात गेली म्हणाला. दादांनी १९६२ साली त्याच्या आजोबांना विचारलं होतं की त्याच्या आजोबांनी दादांचा तक्ता पाहून पुढे म्हटलं, याचा उलगडा आता होणार नाही. आधी न सांगता ऐकलं असतं तर निदान आजच्या माणसाची साक्ष स्वतंत्र राहिली असती. ताईंना तशी सूचना देणं माझं काम होतं, आणि मी ती दिली नव्हती.

काय छापायचं

निर्णय इथे कठीण होता. तीन मतं होती. भाचा म्हणाला, तक्ता आहे तसा छापा, लोक पानिपत बघायलाच येणार. ताईंचं मत दुसऱ्या टोकाचं झालं होतं: कागद असेल तेवढंच, बाळू-राणू-बाळू, बाकी सगळं काढा. मला दोन्ही पटेना. सिदू आणि भिवा खोटे आहेत असं दाखवणारं माझ्याकडे काही नव्हतं. ते फक्त एकाच तोंडून आले होते. आणि घरातला कोणीतरी पानिपतावर गेला असेलही. वाटणीपत्राने एवढंच सिद्ध झालं की तो हा राणू नव्हे.

शेवटी ठरलं ते असं. कागदावर जुळलेल्या पिढ्या सलग रेघेने. हेळव्याकडची नावं तुटक रेघेने, ‘हेळव्यांच्या सांगण्यावरून’ असं लिहून. पानिपत झाडातून काढून खाली दोन ओळींची टीप: घरात पूर्वापार सांगत आले आहेत, कागद मिळालेला नाही. तक्त्यात बायका नव्हत्या. काशी दोन ठिकाणी सापडल्यामुळे ती सलग रेघेत आली, आणि तिच्यानंतर ताईंनी सगळ्या आज्या-काकूंची नावं माहेरांसकट गोळा केली.

आप्पांना सांगायला ताई एकट्या गेल्या. त्यांचं उत्तर ताईंनी मला तसंच ऐकवलं: “दादा मास्तर हुता. त्येला येवडं कळत न्हवतं व्हय?” मग बऱ्याच वेळाने: “खाली काय बी छापा पोरी. भितीवरचं काडू नगा.”

फ्रेम तिथेच आहे.

निष्पन्न

तुकाची फांदी दादांच्या तक्त्यात नव्हतीच. तुका कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं. फेरफारातल्या त्याच्या मुलाच्या नावावरून खाली उतरत आलो तेव्हा ती घरं निघाली ओढ्यापलीकडची, ज्यांना हे लोक ‘मळ्यातले’ म्हणतात. आप्पा तेव्हा पहिल्यांदा मोकळं बोलले. बाकीच्या भावकीचं सुतक तीन दिवसांचं, मळ्यातल्यांचं मात्र दहा दिवस धरायचं, असं त्यांच्या आईने सांगितलं होतं. का, ते विचारलं नाही. कागद हरवला, तक्त्यातून नाव गेलं, पण सुतकात तुका १४० वर्षं सख्खा भाऊच राहिला होता. कुणी मला सुरुवातीलाच सुतकाचं सांगितलं असतं तर मी निम्मा वेळ वाचवला असता. मी विचारलंच नव्हतं.

त्यावरून एक तिढा उभा राहिला. भाच्याच्या वडिलांना वाटलं, वाटणीपत्राचा फोटो मळ्यातल्यांना दिला तर ते जमिनीत हिस्सा मागतील. मी वकील नाही, म्हणून त्यांना वकिलाकडे पाठवलं. वकिलांनी कागद पाहून सांगितलं की यात वाटणी झाल्याचंच लिहिलं आहे, लपवण्यासारखं काही नाही. फोटो दिला. मेळाव्याला मळ्यातली एकवीस माणसं आली.

पुन्हा करायचं झालं तर

तोंडी साक्ष सर्वांत आधी घेईन, आणि फ्रेम, फोटो, कागद काहीही दिसत नसताना. हेळव्याला त्याच्या गावी जाऊन भेटेन. म्हाताऱ्यांना नावं विचारण्याआधी रीत विचारेन: सुतक कोणाचं किती, कुळाचाराला कोणाला बोलावता, लग्नात पहिला मान कोणाचा, सोयरीक कोणाशी होत नाही.

मळ्यातल्यांकडेही एखादी ट्रंक असणार. वाटणीपत्राच्या दोन प्रती करण्याची रीत होती, प्रत्येक भावाकडे एक. ती शोधायला मी मेळाव्याच्या आधी जायला हवं होतं. मेळाव्यात विचारलं तेव्हा तिथले एक जण म्हणाले, कागदं होती, गेल्या रंगकामात घर काढलं तेव्हा बोळे करून टाकली.

आप्पांच्या कागदावरची टेप मी काढली नाही. घरी खटपट केली तर उरलेली शाईही निघेल. पुण्यात कागदांचं जतन करणाऱ्या एका जाणकारांना फोटो दाखवला, ते म्हणाले की निघू शकेल, टेपखालचे दोन आकडे कदाचित दिसतीलही. ते ८० असतील अशी माझी खात्री आहे, पण मी ते पाहिलेले नाहीत. कागद न्यायचा तर ट्रंकेची किल्ली लागेल. ताई म्हणतात, आप्पांना आत्ता विचारायला नको.